ताडोबाच्या सहलीची आखणी : लालबागच्या खोलीतून



बॉयलर थंड झाला, तोडणीच्या टोळ्या गावाकडे परतल्या की आपल्या भागातून सहली निघतात. कुणी पंढरपूर-तुळजापूर करून येतो, कुणी अष्टविनायक, कुणी कोकणात जाऊन येतो. अलीकडे मात्र तरुण सभासद गट ऑफिसात येऊन म्हणू लागले, "साहेब, देव पुष्कळ झाले, आता एकदा वाघ दाखवा." गेल्या एप्रिलात बारा जणांची चार दिवसांची ताडोबा सहल काढली. आल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतो, कसे गेलात, नोंदणी कुठे केली, खर्च कसा वाटला, वाघ दिसला का. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे म्हणून हा लेख. यात वाघापेक्षा आखणीच जास्त आहे. ऊस लावण्याआधी रान, बेणे, पाणी यांचा हिशेब धरतो तसा जंगलाचाही धरावा लागतो. न धरता गेलेली माणसे गेटवरून परत येतात.

मुंबईतच बेत का ठरला?

बारा जणांत सात आपले गावचे आणि पाच मुंबईकर, पण तेही मूळचे आपलेच. आपल्या गावांतून दोन-तीन पिढ्या माणूस गिरणीत गेला. लालबाग, परळ, काळाचौकीच्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या असत. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गडी, पाळी बदलली की वळकटी बदलायची, जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर एकेक भोंगा कायमचा बंद पडला. गिरण्यांच्या जागेवर आज टॉवर उभे आहेत. तरी काही गावांनी आपली खोली अजून राखली आहे. दवाखान्यासाठी केईएमला किंवा टाटाला येणारा माणूस आजही तिथेच पथारी टाकतो.

आमचा बेत अशाच एका खोलीत ठरला. आम्ही कामानिमित्त दोन दिवस मुंबईत होतो. गिरणीतून निवृत्त झालेले एक मामा, त्यांची सून आणि कॉम्प्युटरवर भराभर बोटे चालवणारा भाचा असे सगळे जमले. गावाकडच्यांनी तारखा सांगायच्या आणि मुंबईकरांनी तिकिटे काढायची, अशी कामाची वाटणी झाली. ज्यांचे कुणी मुंबईत नाही त्यांनी हेच काम गावात बसून करावे, अडचण काही नाही. गाडी कल्याणलाही पकडता येते.

आधी तारीख, बाकी सगळे मग

तारीख ठरवताना आम्ही एका कागदावर दोन वेळापत्रके मांडली, एक उसाचे आणि एक जंगलाचे.

उसाचे तर आपल्याला पाठच आहे. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत सुरू. तोडणी झाली की खोडव्याची धावपळ : पाचट सरीत दाबायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पहिला खताचा हप्ता द्यायचा. हे सगळे उरकून पाण्याची एक पाळी देऊन झाली म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस मोकळे निघतात. पोरांच्या परीक्षाही तोवर आटोपत येतात.

जंगलाचे वेळापत्रक असे. ताडोबाचा गाभा, ज्याला तिथे 'कोअर' म्हणतात, तो १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो. ऑक्टोबरात उघडतो तेव्हा गवत माणूसभर वाढलेले, रान हिरवेगार. बघायला देखणे, पण जनावर दिसणे अवघड. हिवाळ्यात हवा छान, पण तेव्हा आपला हंगाम जोरात असतो. एप्रिल-मे मध्ये पानगळ होते, नाले आटतात आणि जनावरे ठरलेल्या पाणवठ्यांवर येतात. पाहणाऱ्याला हा काळ सोयीचा, सोसणाऱ्याला कठीण. चंद्रपूरचे ऊन म्हणजे आपल्याकडचे ऊन नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून एप्रिल ठरला.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ताडोबाचे कोअर दर मंगळवारी बंद असते. शनिवार-रविवारी गर्दीही जास्त आणि दरही चढे. तेव्हा आम्ही मंगळवार प्रवासात घालवला. मंगळवारी दुपारी मुंबई सोडायची, बुधवार-गुरुवार-शुक्रवार जंगल, शुक्रवारी रात्रीची गाडी, शनिवारी सकाळी मुंबई. बंद दिवस फुकट गेला नाही आणि सुट्टीची गर्दीही चुकली.

गेट, गाडी आणि राहणे

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली जाहीर झाले, क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटर आणि त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरचे 'बफर', म्हणजे जिथे गावे, शेती आणि जंगल एकत्र नांदतात तो पट्टा. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले, त्यांतले ९७ एकट्या ताडोबात.

कोअरमध्ये शिरायला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा ही गेटे आहेत. चंद्रपूरहून मोहर्ली साधारण तीस किलोमीटर. नागपूरहून येणाऱ्याला उमरेड-भिसी-चिमूर मार्गे कोलारा सोयीचे. ज्या गेटचा परवाना त्याच गेटने आत जायचे असते. त्यामुळे राहण्याची जागा गेट ठरल्यावर शोधावी. आधी स्वस्त खोली घेतली आणि परवाना पन्नास किलोमीटरवरच्या गेटचा मिळाला, तर पहाटे दोनला उठून पळावे लागते. आम्ही मोहर्ली धरले. तिथे पर्यटन महामंडळाचे निवास आहे, शिवाय गावकऱ्यांच्या घरगुती खोल्याही मिळतात.

परवाना वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढावा. "मी करून देतो, पैसे पाठवा" म्हणणाऱ्या फोनवाल्यांपासून चार हात दूर राहावे. प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र दाखवावे लागते. आधारकार्डावर 'ज्ञानदेव' आणि परवान्यावर 'माऊली' असे चालत नाही. ऊस नोंदीच्या वेळी सातबारा आणि अर्जावरचे नाव जुळवतो, तसेच हे.

एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि वाटाड्या. म्हणून माणसे सहाच्या पटीत जमवावी. सात जण निघाले तर सातव्याला पूर्ण दुसऱ्या गाडीचा खर्च पडतो. आम्ही बारा होतो, दोन गाड्या भरल्या. दिवसात दोन फेऱ्या असतात, पहाटेची आणि दुपारची. आम्ही चार फेऱ्या घेतल्या : बुधवारी दुपारी बफर, गुरुवारी सकाळी कोअर, गुरुवारी दुपारी पुन्हा बफर, शुक्रवारी सकाळी कोअर. बफरची फेरी म्हणजे दुय्यम माल असे समजू नये. वाघाला कोअर-बफरची रेघ माहीत नसते, आणि बफरचा पैसा गावांना थेट कामी येतो.

कुणी कोणत्या गाडीत बसायचे यावरून रुसवेफुगवे होतात, हे तोडणीच्या क्रमपाळीचा अनुभव असलेल्या आम्हाला आधीच ठाऊक होते. म्हणून दर फेरीला चिठ्ठ्या टाकल्या. कुरकुर झाली नाही.

दर येथे देत नाही, कारण ते हंगामागणिक बदलतात. खर्चाचे रकाने मात्र लिहून ठेवा : रेल्वे, स्टेशन ते गेट गाडी, प्रवेश व जिप्सी व वाटाड्या, राहणे, जेवण, आणि वरखर्चाला एकूण रकमेचा दहावा हिस्सा. एका वहीत एकाच माणसाने लिहायचे, आणि परतीच्या गाडीतच हिशेब मिटवायचा. घरी गेल्यावर हिशेब मिटत नसतो.

दादरहून गाडी

जंगलाचा परवाना हातात पडल्यावरच रेल्वेचे आरक्षण काढावे, उलट करू नये. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. पूर्वी ते एकशेवीस दिवस होते. मुंबईहून नागपूरला जाणारी सेवाग्राम एक्सप्रेस दादर, कल्याण घेत जाते आणि पहाटे वर्ध्याला पोचवते. वर्ध्याहून ठरवलेल्या गाडीने हिंगणघाट-वरोरा मार्गे आम्ही दुपारच्या आत मोहर्लीला होतो. म्हाताऱ्या माणसांना वर्ध्यात अर्धा तास उतरवून चहा-नाश्ता द्यावा. उपाशी माणसाला घाई सोसत नाही.

दादरला ज्यांना रेल्वेचे जिने आणि गर्दी सवयीची नाही, त्यांनी गाडीच्या तासभर आधी फलाटावर असावे. सामान प्रत्येकी एकच, तेही स्वतः उचलता येईल एवढे.

मुंबईत घालवलेला एक दिवस

गावकडची मंडळी सोमवारीच मुंबईत आली. एक दिवस हातात होता, तो आम्ही जंगलाच्या तयारीलाच दिला. मुंबईत कसली आली जंगलाची तयारी, असे वाटेल. पण या राज्यातल्या जंगलांची माहिती गोळा करण्याचे काम जिथून उभे राहिले ती ठिकाणे लालबागपासून बसच्या अंतरावर आहेत.

सकाळी गिरगावात खेतवाडीतून गेलो. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांचे बालपण याच खेतवाडीत मामांच्या घरी गेले. पोरवयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी हे घरात कुणाला सांगता येईना, म्हणून ती घेऊन पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता कपाटे उघडून शेकडो पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तिथून त्या पोराचे आयुष्य बदलले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. आमच्याबरोबर दोन शाळकरी पोरे होती, त्यांना हे सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या पोराला कुणीतरी कपाट उघडून दाखवावे लागते.

ती सोसायटी १८८३ साली आठ जणांनी मिळून मुंबईत काढली. आज तिचे कार्यालय फोर्टात लायन गेटसमोर 'हॉर्नबिल हाऊस'मध्ये आहे. हॉर्नबिल म्हणजे आपला धनेश. तिथे पक्षी-प्राण्यांची पुस्तके मिळतात. आम्ही एक पक्ष्यांचे आणि एक ठशांचे पुस्तक घेतले. दुर्बीण विकत घ्यायची तर ८×४० आकाराची पाहावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला. फार जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि चालत्या गाडीत काहीच दिसत नाही. सहा जणांत दोन पुरतात.

दुपारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत पोरांना घेऊन गेलो. ही बाग बुधवारी बंद असते. पोरांना एवढेच पक्के करून दिले की वाघाच्या अंगावर पट्टे, बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची वर्तुळे. आपल्याकडे सगळ्यालाच 'वाघ' म्हणतात. तक्रार नोंदवताना हा फरक उपयोगी पडतो.

तेथून परळ. हाफकिन संस्था तिथे जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आहे. प्लेगची लस काढणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी ही प्रयोगशाळा १८९९ साली तेथे नेली. पुढे सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी हाफकिनचे नाव घरोघरी झाले. आमच्यापैकी एका सभासदाचे वडील पाणी धरताना घोणस चावून गेलेले. तो गेटसमोर बराच वेळ उभा राहिला. म्हणून येथे पुन्हा लिहितो, जंगलातही उपयोगी आणि उसातही : नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी दवाखान्यात मिळते. चावलेल्या जागी कापू नये, चोखू नये, करकचून दोरी आवळू नये. हातपाय हलू न देता माणसाला धीर देत थेट दवाखाना गाठावा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही.

संध्याकाळी लालबागच्या चिवडा गल्लीतून प्रवासाचा चिवडा बांधून घेतला. आधी पोटोबा मग विठोबा!

सामानाची यादी

मामींनी केलेली यादी अशी. खाकी, मातकट किंवा गडद हिरवे कपडे. लाल-पिवळे भडक नकोत. पूर्ण बाह्या, टोपी, उपरणे. पहाटेच्या फेरीसाठी एप्रिलातही पातळ स्वेटर, कारण उघड्या गाडीत वारा लागतो. धुळीसाठी रुमाल. पाण्याची स्टीलची किंवा तांब्याची बाटली. मीठ-साखरेची पाकिटे. रोजच्या गोळ्या चार दिवसांच्या नव्हे, सात दिवसांच्या. ज्यांना पाठीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच यावे, कारण तीन-चार तास खडबडीत रस्त्यावर गचके बसतात. अत्तर, पावडर लावू नये. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. फोटो हवे असतील तर साधा कॅमेरा न्यावा. गाडीतून खाली उतरता येत नाही, हे लघवीच्या दृष्टीनेही लक्षात ठेवावे.

जंगलात काय पाहिले

ताडोबा हे नाव 'तारू' या गोंड देवावरून आले. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचे ठाणे तलावाकाठी आहे आणि पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरते, असे सांगतात. म्हणजे आपण ज्याला पर्यटनस्थळ म्हणतो ते कुणाचे तरी देवस्थान आहे. आत बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे होती, ती बाहेर वसवली. आपल्यातले जे धरणग्रस्त आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

रान सागाचे आणि बांबूचे. मधे मधे मोह, तेंदू, अर्जुन. आपला वाटाड्या बफरमधल्या गावचाच होता. अशा कामात आता बायकाही आहेत, वाटाड्या म्हणून आणि चालक म्हणूनही. त्याने पहिल्या फेरीत सांगितले, "वाघ शोधू नका, कान द्या." वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखे ओरडले, चितळाने तीक्ष्ण हाक दिली, तर जवळपास शिकारी आहे. सांबर सहजासहजी ओरडत नाही, ते ओरडले तर पक्के समजायचे. धुळीत पंजा दिसला तर कडा बघायची. कडा धारदार असतील तर ताजा, वाऱ्याने बोथट झालेल्या असतील, वर किड्यांच्या रेघा असतील तर रात्रीचा. कुत्र्यागत नखे उमटत नाहीत, कारण मांजरकुळातले जनावर चालताना नखे आत घेते.

वाघ दिसला का?

सगळ्यांचा हा पहिला प्रश्न असतो. गुरुवारी दुपारी एका गाडीला एक वाघीण पाणवठ्यावर बसलेली दिसली, चार-पाच मिनिटे. दुसऱ्या गाडीला चारही फेऱ्यांत वाघ दिसला नाही. त्यांना अस्वल दिसले, रानकुत्र्यांचा कळप दिसला, गवे दिसले. मामा त्या दुसऱ्या गाडीत होते. रात्री जेवताना पोरांनी त्यांना चिडवले, तर म्हणाले, "गिरणीत तीस वर्षं साच्यांचा आवाज ऐकला. आज दोन तास काहीच ऐकलं नाही. माझे पैसे वसूल."

वाटाड्याने मात्र आम्हाला गप्प केले. त्याच्या घरची दोन जनावरे वाघाने नेलेली. मोहफुलांच्या दिवसांत आई पहाटे रानात जाते, ती परत येईपर्यंत घरात कुणी नीट जेवत नाही. २०२५ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तो म्हणाला, "तुम्ही वाघ बघाया येता. आम्ही तो चुकवाया शिकतो." मग त्याला आम्ही आपल्याकडचे सांगितले. उसात बिबट्या राहतो, पिल्ले घालतो, हे ऐकून तोच चकित झाला.

आपल्या उसातला बिबट्या

या सहलीवर एवढी पाने लिहिण्याचे खरे कारण हे आहे. आपण हजारो रुपये खर्चून लांबच्या जंगलात जनावर पाहायला जातो, आणि बांधावरच्या जनावराविषयी मात्र अफवांवर चालतो.

बिबट्या उसात चुकून आलेला पाहुणा नाही. अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे जंगल नाही अशा त्या शेतीभागात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. कारण साधे आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, म्हणजे दाट आडोसा. पाटाचे पाणी जवळ. आणि खायला कुत्री, डुकरे, शेळ्या. मुंबईतही हेच. बोरिवलीचे संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, भोवती इमारती. २००२ ते २००४ या काळात तिथे हल्ले फार वाढले होते. दुसरीकडून पकडून आणलेले बिबटे तिथे सोडणे हेही त्याचे एक कारण अभ्यासकांनी सांगितले. पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, तो गाव बदलतो. २०११ पासून तिथे वनखाते, अभ्यासक आणि रहिवासी यांनी एकत्र बसून कचरा, कुत्री, दिवे, पोरांचे खेळणे याकडे लक्ष दिले.

आपल्याकडे हलगर्जी परवडणारी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात महिन्याच्या आत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. ज्याच्या घरचे गेले त्याला 'सहजीवन' वगैरे शब्द सांगायला जाऊ नये. 'वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो' ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच केलेली नाही. त्यांनीच वाघबारसही पाळली, आणि तिन्हीसांजेला पोरे ओट्यावर घेतली. भीती आणि मान दोन्ही ठेवून वागणे हे जुनेच शहाणपण आहे.

वाटाड्याकडून शिकलेले आणि वनखात्याने सांगितलेले मिळून काही नियम देतो. ते गट ऑफिसातही लावले आहेत.

तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत लहान मुलांना उसाकडेला एकटे सोडू नये. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस जनावराला लहान दिसतो. तेव्हा वैरण काढताना एकटे नको, बोलत-गात काम करावे. रात्री पाण्याची पाळी असेल तर दोघांनी जावे, बॅटरी, काठी आणि मोबाईलवर गाणे चालू. गोठा वरून व बाजूने बंद असावा, नुसते दावणीला बांधून भागत नाही. घराभोवती मेलेली कोंबडी, उष्टे टाकू नये. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यामागे बिबट्या. परसाकडेला उसात जाणे बंद करावे.

तोडणीच्या वेळी रान चारही बाजूंनी एकदम तोडू नये. एका अंगाने तोडत जावे आणि पलीकडे निघून जायला वाट ठेवावी. पिल्ले सापडली तर हात लावू नये, फोटोसाठी उचलू नये, गर्दी करू नये. काम थांबवून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले जिथे सापडली तिथेच संध्याकाळी पेटीत ठेवली तर बहुतेक वेळा मादी येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात असे पुष्कळदा झाले आहे. पिल्ले गायब झाली तर तीच मादी चवताळून परिसरात फिरत राहते, आणि मग बळी कुणाचे तरी लेकरू जाते.

आणि ते लेकरू बहुधा आपले नसते, टोळीतले असते. आपण पक्क्या घरात दार लावून झोपतो. कोयता घेऊन लांबून आलेली माणसे फडाशेजारी कोपीत झोपतात, पहाटे चारला आई-बाप फडात, पोर चुलीपाशी एकटे. शेतकी विभागाने येत्या हंगामासाठी टोळ्यांचे तळ उसापासून दूर, मोकळ्या जागी आणि उजेडात टाकण्याचे ठरवले आहे. पण जागा आणि एक दिवा सभासदानेच द्यायचा आहे. ज्याच्या रानात तोड, त्याने तळावर रात्रभर उजेड ठेवावा, एवढे आम्ही हक्काने मागतो.

पुढच्या सहलीबद्दल

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणून सोडली. म्हणजे ताडोबाची ओळख करून घेणे आता लांबचे काम राहिलेले नाही.

येत्या एप्रिलात दोन जिप्सींची, म्हणजे बारा जणांची तुकडी न्यायचा विचार आहे. या खेपेला बारांत निदान चार जागा स्लिपबॉय आणि टोळीमुकादमांसाठी ठेवाव्यात असे आमचे म्हणणे आहे, कारण फडात पहिला ठसा त्यांना दिसतो. इच्छुक सभासदांनी आपले नाव, वय, ओळखपत्राची प्रत आणि काही आजार असल्यास तो, अशी माहिती दिवाळीपूर्वी आपापल्या गट ऑफिसात द्यावी. मुंबईत ज्यांचे नातेवाईक येऊ इच्छितात त्यांनीही तेथेच नोंद करावी. नावे जास्त आली तर चिठ्ठ्या टाकल्या जातील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग